निळ्या रेषेच्या आत

आयर्विनखालचं पाणी उतरून एकवीस दिवस.
गल्लीगल्लीत मी टेप घेऊन,
मागं मुकादम शिदू ऐवळे, निळ्या ऑइलपेंटचा डबा.
रेषेच्या आत नवी वीट दिसली
की दारावर फुली, हातात नोटीस:
सात दिवसांत खुलासा.

नदाफांच्या गादी कारखान्यात
कापूस पाणी पिऊन एवढा फुगला
की दाराबाहेर येईना. चौकट काढावी लागली.
त्या चौकटीच्या जागी आता जैबुनबी
जोतं उचलून घेतायत. चार फूट.

'परवाना?'
'होता की. सासऱ्यांनी काढलेला, शिक्क्याचा.
आमची प्रत वाहून गेली. तुमच्याकडची बघा.'

आमच्याकडची.
रेकॉर्ड रूम तळमजल्याला.
गच्चीवर दोऱ्या बांधून, धुण्याचे चिमटे लावून
आम्ही अख्खं गाव वाळत घातलंय.
शाई एका नकाशातून दुसऱ्यात उतरलीय,
कुणाच्या जिन्यावर कुणाचं न्हाणीघर,
शिक्के नुसते जांभळे डाग.
नाल्यावर भराव घालून उठलेल्या लॉनची फाईल
तेवढी कोरडी. ती वर होती, साहेबांच्या टेबलावर,
तीन वर्षं विचाराधीन.

'बाई, आहे तेवढ्याच उंचीवर दुरुस्ती चालते.
उंची वाढली की ते नवं बांधकाम.
नवं इथं चालत नाही.'

त्यांनी थापी खाली ठेवली.
'म्हणजे जिथं बुडलं, बरोब्बर तिथंच बांधायचं?
बोटभरही वर नाही?'

नियम मला पाठ आहे, कलमासकट.
मोठ्यानं म्हणून दाखवला असता
तर असाच ऐकू आला असता.

टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं,
शिदूचे हात रंगाचे.
त्यांनीच धरलं.
'त्या पुरात इथं,' कमरेशी.
'मागल्याला इथं,' खांद्याशी.
'आणि औंदा,'
टाचा उचलल्या, तरी किनार हाताच्या वरच राहिली.

मी आकडा लिहिला. पेन्सिलनं.

शिदूनं झाकण उघडलं. रंगावर साय धरलेली.
'फुली मारू का, साहेब?'
गिलावा अजून काळपट, गार.
'ओल्यावर रंग धरत नाही,' मी म्हणालो,
आणि तीस वर्षं ओल्यासुक्यावर रंग मारत आलेला शिदू
काही न बोलता
झाकण शोधायला वाकला.