वय या किल्लीला

युकायात वीज तोडणार आहेत रात्री दहाला.
वारा सुटलाय, डोंगरावरचं गवत वाळून कोळ,
तारांचा भरवसा नाही.

लॉर्ना पेट्राकिस अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत
जुना लॅपटॉप उघडून बसली आहे.
तिचाच कोड, ऑब्जेक्टिव्ह-सीमधला,
चौकोनी कंसात चौकोनी कंस,
एकात एक ठेवलेल्या डब्यांसारखे.
आता असं कुणी लिहीत नाही, नातू म्हणतो.
झाकणं अजून घट्ट बसतात, ती म्हणते.

चारशे बारा माणसं.
प्रत्येकाची एक डिक्शनरी:
नाव या किल्लीला नाव, रस्ता या किल्लीला रस्ता,
कुत्रा या किल्लीला चावतो किंवा नाही.
तिला हवेत पासष्टच्या वरचे,
ज्यांचं दार आज ठोठवायचं.
एक ओळ पुरते.
बारीक ते खाली गळतात,
सत्तावन्न चाळणीवर राहतात.

प्रिंटर कुरकुरतो. ड्वेन उभ्यानंच यादी वाचतो.
"यात एफ्राइन नाही."
"कोण?"
"नाशपातीच्या बागेपलीकडचा. ट्रेलरमधला.
त्याचं श्वासाचं मशीन विजेवर चालतं."

ती शोधते. आहे की.
नाव आहे, रस्ता आहे, कुत्रा चावत नाही.
वय नाही.
मार्चमध्ये त्याच्या पायरीवर बसून तिनंच विचारलं होतं,
आणि तो हसला होता: "पुष्कळ."
पुष्कळ आकड्याच्या खणात मावेना,
तिनं ती किल्लीच लावली नव्हती.

चाळणीचं काही चुकलं नाही.
हा पासष्टहून मोठा का, विचारलं,
ती म्हणाली, नाही.
ठाऊक नाही असं तिला म्हणताच येत नाही.

आणि या भाषेत नसणं तसंच्या तसं ठेवता येत नाही डिक्शनरीत;
ठेवायचंच, तर नसण्याच्या नावाची
एक वस्तू आणून ठेवावी लागते,
आणि उद्या कुणी तिला आकडा समजून हात घातला
की सगळं कोसळतं.
लॉर्नाच्या हातून कोसळलंय. दोनदा.

ती ओळीला शेपूट जोडते:
किंवा वय नाहीच.

चौसष्ट.
वाढलेल्या सातांत एफ्राइन,
दोघी बहिणी, ज्यांनी वय सांगायला साफ नकार दिला होता,
आणि एक तीन आठवड्यांचं बाळ,
ज्याचं वय भरायचं कुणाला सुचलंच नाही.

ड्वेन बोट ठेवतो. "याचं काय?"
घड्याळात नऊ वीस.
"यादीत आहे ना," लॉर्ना म्हणते,
"मग ठोठव."