तीन पायांचं काम

सोमवार. उद्यमनगरात सगळी शटरं खाली,
माझं एकट्याचं गुडघ्याएवढं वर.
त्याखालून वाकून आत आली मगदुमांची प्रांजल,
वहीच्या मागल्या पानावर चित्र घेऊन:
एक काठी, एक ताटली, तीन पाय.
“काका, एवढं करून द्या. रॉकेट मी केलंय.”

रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे पंख,
आणि पोटाला चिकटवलेला स्ट्रॉचा तुकडा.
“ह्यातनं काठी जाणार. काठी सरळ, तर रॉकेट सरळ.”
चाळीस वर्षं लेथवर काढली मी,
आणि सरळ म्हणजे काय
ते आठवीतली पोरगी सांगणार!

सायकलचा स्पोक काढला. आखूड.
छत्रीची काडी. वाकडी.
शेवटी शौकत नदाफानं वेल्डिंगची फिलर रॉड दिली,
मीटरभर, स्टेनलेस, हात लावला तर गार.
“वितळवायला आणल्याली,” म्हणाला,
“ऱ्हाऊ दे की उभी एखादी.”

पाय जुन्या बेंचच्या अँगलचे.
एका पायाला बोल्ट ढिला ठेवायचा,
वारा बघून कलता यावं म्हणून.
“किती कलायचं?”
“थोडंसंच. वाऱ्याच्या तोंडाकडं.”

ताटलीपाशी अडलो.
पातळ पत्रा पहिल्याच जाळात भाकरीसारखा फुगला असता.
भंगारवाल्याकडं एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील होती,
उभी चिरलेली, आगीची सवय असलेली.
वीतभर तुकडा आणला. ग्राइंडर लावला
आणि दुकानभर वास सुटला जळक्या गुळाचा.
प्रांजल म्हणाली, “काका, भूक लागली.”

बटन दारावरच्या बेलचं.
बॅटरी शौकतच्या गाडीची, त्याला न विचारता.
वायर पाच मीटर पुरते, असं ती म्हणाली.
मी दहा घेतली. तिची आई मला ओळखते.
आणि एक किल्ली: ती काढली की बटन मुकं.
किल्ली तिनं गळ्यात घातली.

कळंब्याच्या पुढं शिरगुप्प्यांचा फड,
ऊस तुटून आठवडा झालेला.
पाचट लांब सारलं, चार कळशा पाणी मारलं.
“पेटवू नका म्हंजे झालं,” शिरगुप्पे म्हणाले
आणि स्वतःच सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले.
त्यांना मागं ओढावं लागलं.

पाच, चार, तीन, दोन, एक.
काही नाही.
हीटरची तार लाल झाली, तुटली,
एक बगळा उडाला तेवढाच.
मी पुढं निघालो तर तिनं शर्ट धरला:
“एक मिनिट थांबायचं. नियम आहे.”
घड्याळात बघून तिनं साठ सेकंद मोजले.
रात्रपाळीतही एवढं लांब मिनिट मी बघितलेलं नाही.

तार बदलली. किल्ली. बटन.

फस्स.

“गेलं की वो!” शिरगुप्पे ओरडले.
सगळ्यांच्या माना वर.
मी मात्र काठीकडं बघत होतो, खोटं कशाला बोलू.
ती रिकामी होती आणि थरथरत होती,
खाली काहिलीचा तुकडा पुन्हा एकदा तापलेला.

वर लाल पिशवीची छत्री उघडली,
वाऱ्यानं तिरकी नेली
आणि शेजारच्या उभ्या उसात घातली.
तासभर शोधलं. पात्यांनी हात चिरले.
“ऱ्हाऊ दे,” शिरगुप्पे म्हणाले, “तोडीला घावंल.”
प्रांजलनं त्यांच्याकडून तोडीची तारीख लिहून घेतली.

स्टँड आता लेथच्या मागं उभा असतो.
काठीवर शौकत हातमोजे वाळत घालतो.
त्याला मी काही म्हणत नाही.
रविवारी रात्री, शटर ओढायच्या आधी,
तेवढे काढून ठेवतो.