अंगावरचा फवारा

आचलनं अमरावतीहून डबा पाठवला.
शंभर मिली, सहाशे एकोणपन्नास रुपये,
वर निळा समुद्र.
मावशी, ऊन फार असतं ना तिकडं, अशी चिठ्ठी.

मी मारेगावकडच्या रस्त्यावर
कृषी केंद्राच्या काउंटरला बसते.
बारा वर्षं लेबलं वाचते:
घटक, प्रमाण, उतारा,
आणि कोपऱ्यातला लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण.
सवयीनं डबा फिरवला.
त्रिकोण नव्हता.

पहिलं नाव अल्कोहोल,
म्हणजे तेच सगळ्यात जास्त.
मग ब्युटेन, घरच्या सिलिंडरचा चुलतभाऊ.
ऊन गिळणारे खरे कामकरी दोघं,
ॲव्होबेन्झोन आणि ऑक्टोक्रिलीन,
उभे होते रांगेत पाचवे-सहावे.
शेवटी सुगंध.
कसला, ते लिहिलेलं नाही.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
तोंडावर थेट मारू नये, हातावर घेऊन लावावे.
मग फवारा कायले, मी डब्यालाच विचारलं.

पुनाजी आत्राम नोझल बदलायला आला होता.
तेवीस वर्षं लोकांच्या कपाशीवर फवारतो.
डबा नाकाशी नेला, झटकन मागं घेतला.
"याचा उतारा काय हाये, ताई?"
उतारा नाही, म्हटलं, हे औषध माणसाचं.
"मंग तर पायजेच," म्हणाला.

त्याच्याच पद्धतीनं तपासलं.
दुकानात पॉलिथिन अंथरून, बियाण्याच्या काट्यावर तोलून,
दहा ग्रॅम सोडले तर पाच सापडले.
काही उडालं असेल, अल्कोहोल आहे शेवटी.
मग बांधावर गेलो.
वारा फार नव्हता, तुरीचं पान हलेल एवढा.
दहातले दोन.
बाकी तुरीला लागलं.
"तूर गोरी होते आता," पुनाजी म्हणाला
आणि मला दोन पावलं सरकवलं:
वाऱ्याकडं पाठ करून मारावं,
श्वास धरून मारावं,
हे डब्यावर त्याच्याइतकं सोपं कोणी लिहिलं नव्हतं.

अश्विनातलं ऊन. नऊ दिवस.
डावा हात फवारलेला, उजवा कोरा,
अकरा ते तीन.
पहिले चार दिवस नुसतं मारून सोडलं
तर हातावर पट्टे उमटले,
थेंब जिथं एकमेकांना भेटले नाहीत
तिथं ऊन बरोबर आत शिरलं.
पाचव्या दिवसापासून तळव्यानं चोळलं.
तेव्हा जमलं. खोटं कशाला बोलू,
डावा हात खरंच कमी भाजला.

घामाचं मात्र वेगळं.
ऐंशी मिनिटं पाण्यात टिकतो म्हणे.
कपाशीच्या ओळीतला घाम पोहायच्या तलावातला नसतो,
तो कपाळातून निघून भुवईवर थांबतो
आणि बाईनं वाकावं म्हणून वाट बघतो.
चाळिसाव्या मिनिटाला डोळ्यात उतरला.
शेवंतानं तिचा ओला दुपट्टा दिला.
त्याच्यावर एक्सपायरी नव्हती.

रजिस्टरात लिहिलं:
घरात लावून निघणाऱ्याला चालेल.
चोळल्याशिवाय उपयोग नाही.
दर दोन तासांनी परत मारायचा
तर एका डब्याला एक आठवडा,
आणि एका दिवसाची मजुरी चारशे.
आचलला लिहिलं, छान आहे गं, वास गोड आहे.

दहाव्या दिवशी उरलेला डबा
पुनाजीच्या मानेवर संपवू म्हटलं.
हापशीवर त्यानं बनियन काढलं, पाठ केली.
पाठ काळीभोर, शेतासारखी उललेली,
आणि दोन्ही खांद्यांवरून खाली
दोन पट्टे, चार बोटं रुंद,
गव्हाळ, कोवळे,
आई सोडून कोणी न पाहिलेल्या रंगाचे.

पंपाच्या पट्ट्यांखाली
तेवीस वर्षं ऊन पोचलं नव्हतं.

मी डबा हातात धरून उभी.
"मारा ना ताई," तो म्हणाला, "वारा पडला हाये."