पन्नासातले बेचाळीस

दुर्भाटला रात्री साडेनऊनंतर
आपल्या घरात सगळंच एकदम शिरतं.
दिराची मॅच,
साईलच्या खेळाचं अपडेट, अठ्ठावन्न जीबी,
जावेच्या बहिणीचा साखरपुडा, वेगवेगळ्या नऊ फोनांनी काढलेला,
सासूबाईंचं भजन.
आणि या सगळ्यांच्या मागे
चपला हातात घेऊन उभा असल्यासारखा
तारवावरून आलेला तुझा आवाज.

पोचेपर्यंत तो मोडलेला असायचा.
"अगो... ळी... लीस का?"
मी म्हणायची, हो.
काय विचारलंस ते न कळताच
चार वर्षं मी तुला हो म्हणत आले.

केबलवाला शाणू म्हणाला, शंभराचा प्लॅन घ्या, वहिनी.
मी घेतला नाही.
राऊटर उलटा करून पाठीवरचा पासवर्ड
टॉर्चच्या उजेडात वाचला.

बाबा खाजनाच्या मानशीवर होते, तुला ठाऊक आहे.
भरती चढली की लाकडी दारं आपोआप मिटायची.
बाबा विडी विझवून
नुसते बिजागरांचा आवाज ऐकत बसायचे.
"दार आमचें, उदक दर्याचें."
एवढंच. बाकी आयुष्यभर ते
माशांच्या भावाविषयीच बोलले.

आमची रांग लागायची फोंड्याला,
कुठल्याशा खांबावरच्या करड्या डब्यात,
तिथं तुझा आवाज आणि साईलची बंदूक
एकाच मापाची ओझी.
तिथं माझं कोण ऐकणार?
म्हणून मी लाईन आखडली.
येतात पन्नास. रकान्यात मी बेचाळीस लिहिलं.
दीर हसला, पैसे पन्नासाचे भरायचे
आणि मुद्दाम कमी घ्यायचं?
हो.
आता रांग घरात लागते,
शोकेसवर, तू सांतोसहून आणलेल्या
काचेच्या हंसाशेजारी.
इथं कोण आधी ते मी ठरवते.

बोलणं पहिलं. मग भजन, कारण सासूबाई.
मॅच आणि साखरपुडा मध्ये कुठंतरी.
बंदूक शेवटी.
फारच रेटारेटी झाली तर एखादा तुकडा गाळते.
निरोप नाही, तक्रार नाही, नुसता गाळते,
आणि तिकडे दूर पाठवणाऱ्याला ते कळतं.
तो पावलं हळू टाकतो.
गाळलेलं पुन्हा येतं, जरा शहाण्यासारखं.
न बोलता एवढं कळतं कुणाला,
याचं मला दोन दिवस नवल वाटत होतं.

तीन रात्री आकडे मागेपुढे केले.
चौथ्या रात्री तुझं तारू डर्बनला लागलं.
"अगो, जेवलीस का?"
सगळी अक्षरं!
मागं पंख्याची घरघर,
कुणीतरी ताटात चमचा ठेवला, तोसुद्धा.
मी म्हटलं, हो.

मग तू काही बोलला नाहीस.
मीही नाही.
मी राऊटरकडे पाहिलं. दिवे हिरवे.
फोंड्यापर्यंत जाऊन यायला बावीस मिलिसेकंद.
काही गळत नव्हतं.
पूर्वी अशी पोकळी आली की
आपण दोघंही घाईनं म्हणायचो,
लाईन गेली वाटतं.
आता तुझं गप्प बसणं
अख्खंच्या अख्खं पोचत होतं,
सगळ्यांच्या आधी,
मीच त्याला पुढे काढलं होतं.

आतून साईल ओरडला, ममा, तीन टक्क्यांवर अडकलंय!
असू दे, सुकती लागली की जाईल.
"कसली सुकती?" तू विचारलंस.
मग मी सांगत सुटले,
बाबा, बिजागरं, करडा डबा, पन्नासातले बेचाळीस.
तू इंजिनातला माणूस, मध्ये मध्ये हुंकार देत होतास,
प्रत्येक हुंकार जागच्या जागी.

"आणि उरलेले आठ?"

स्पष्ट ऐकू आलं.
हो म्हणून भागण्यासारखं नव्हतं.