भांगाचं पाणी

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात
बोटभर रुंदीची काळी पाटी.
तिच्यात चार ओळी: भरती, वारा, गाळ, पाखरं.
ओळीपुढची निळी पट्टी ओढली की आकडा हलतो,
आकडा हलला की ऐरोलीची खाडी.

फार काही नाही. कुणीतरी लिहिलेली इवलीशी लायब्ररी,
माझ्या एका फोटोपेक्षा हलकी.
व्हेरिएबलचं नाव सांगायचं, किमान, कमाल,
बाकीचं ती बघते.
तीन आठवडे मी तेवढंच करत होते,
वारा ०.४, नको, ०.३५,
घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत, रात्री दोनला,
खाडी चिमटीत धरून.

प्रदर्शनाचे साहेब म्हणाले, गावातल्या कुणाला तरी दाखवा.
दिवा कोळीवाड्यातून रखमाबाई केणी आल्या.
अंगठ्यावर चिंबोरीच्या नांगीची जुनी खूण.
खुर्चीत बसल्या त्या होडीत बसावं तशा, कडेला.

"ही तिथ कंची?"

तिथी नव्हती.
माझ्या पाण्याला तास होते, मिनिटं होती,
साइनची गुळगुळीत लाट होती.

"आठमीला भांगाचा पानी. त्यो असा धावत नाय."

एक ओळ लिहिली. तिथी, एक ते तीस.
पान ताजं केलं, पाटीत पाचवी पट्टी.
माऊस दिला, तर त्यांनी तो आधी
उचलून वजन पाहिलं.
मग पौर्णिमेवरून मागे, मागे, आठवर,
आणि माझं पाणी पहिल्यांदाच
कंटाळल्यासारखं किनाऱ्याशी थांबलं.

"हा."

मग त्यांनी गाळ धरला.
डावीकडे ओढला. शून्य.
अजून ओढला. माऊस टेबलाच्या कडेला गेला,
पट्टी तिथंच.
"खाली जात नाय गो ही."
शून्य हा तळ मीच ठरवलेला,
एका मंगळवारी, जेवणाआधी, कुणाला न विचारता.
"आमच्या येलेला हितं वल्हा टेकत नव्हता."

किमान: उणे चार.

खाडी काळी होत गेली, खोल.
आणि फ्लेमिंगो, ज्यांच्यासाठी हे सगळं,
ज्यांचा गुलाबी रंग साहेबांनी तीनदा बदलून घेतला,
त्यांना उभं राहायला चिखल उरला नाही.
एकेक करून पडद्याबाहेर.
मी घाबरून पट्टीकडे हात नेला.
बाई हसत होत्या.
"ती नव्हतीच तवा. निवट्या होत्या. निवट्यांची पट्टी कुठंय?"

उद्घाटनाला गाळ पुन्हा आजच्या आकड्यावर.
पाटी लपवलेली; लोकांना खाडी दिसावी, तिची दोरी नाही.
उणे चार मात्र मी खोडलं नाही,
पुढे दोन तिरप्या रेघा ओढून लिहिलं: केणीबाई.

शनिवारी रखवालदाराचा फोन.
एक म्हातारी आली होती म्हणे, नातवाला घेऊन,
कीबोर्डवर एकच कळ दाबली,
आणि अर्धा तास मॅडम,
एकही पक्षी नव्हता.