सातवा टेक

आम्ही चिचटोल्याला उतरलो तेव्हा चैत लागला होता.
दिग्दर्शकाचं म्हणणं, भीती दाखवायची नाही,
ती मोहासारखी पडू द्यायची,
रात्रभर, एकेक, कुणी फांदी न हलवता.
माझं काम आवाजाचं.
पहिल्या दिवशी गावाची शांतता भरून घेतली:
बोडीकाठची टिटवी, गिरणीचा सैल पत्रा,
आणि सगळ्याच्या खाली काहीतरी,
ज्याला मी 'वारा' असं नाव देऊन ठेवलं.

गाव फार प्रेमळ.
भातावर लाखोरीचं वरण वाढता वाढता
वस्ताराम नेवारे एकेकाला विचारायचे,
"पूर्ण नाव का जी तुमचं? मायनं ठेवलेलं?"
कॅमेरावाल्यानं सांगितलं. मेकअपच्या सुहासिनीनं सांगितलं.
लाइटची पोरं तर रांगेनं उभी राहून सांगू लागली,
आणि म्हातारे ओठांतल्या ओठांत घोकत,
पाढे घोकावे तसे.
मी थबकलो.
पूर्ण नाव विचारलं की पुढचा प्रश्न कोणता असतो
हे मला पाचवीपासून माहीत आहे.
म्हणून रूममेटचं सांगितलं: परेश मुकुंद दंडवते.
वस्तारामजींनी एक पळी जास्त वाढली,
पुढचं काही विचारलंच नाही.
मला जरा लाज वाटली.

सीन होता मारबतीचा.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे
गावाची रोगराई घेऊन शिवेबाहेर जाते, ती.
"पन हा तं चैत," सोनकुवरबाई म्हणाल्या.
"आता तिले न्याले का आहे गावात?
तिले रिकामी धाडत नसतेत."
निर्मात्यानं माणशी पाचशे दिले.
त्यांनी मोजले नाहीत.

मातीची केली. कवड्यांचे डोळे.
नेसायला कुणाचंतरी हळदीचं लुगडं.
पळसाला पानं नव्हती, नुसती फुलं,
तर फुलांच्याच फांद्या खोचल्या.
खासी-खोकला, ढेकून-मच्छड घेऊन जा गे मारबत!
शिवेवर टाकली. मागे न बघता सगळे फिरले.
"कट. फोकस गेला. परत आणा."

कुणी हललं नाही.
मग सोनकुवरबाई स्वतः गेल्या,
पडलेलं लेकरू उचलावं तशी उचलून आणली.
"आनलेलीले बसाले पाट द्या."
शाळेत आम्ही झोपायचो, तिथेच पाट दिला.

एका पहाटेला एकच टेक. उजाडलं की संपलं.
दुसऱ्या दिवशी माइकची सावली आली,
तिसऱ्या दिवशी वरून विमान गेलं,
चौथ्या दिवशी सगळं नीट होतं,
तरी त्याला अजून एक हवा होता.
सहा वेळा नेली, सहा वेळा आणली.
आधी एकटीनं उचलायची, मग दोघांनी, मग चौघांनी.
आम्ही म्हटलं, माती पाणी धरते.

सातव्या पहाटे कुणी ओरडलंच नाही.
हळू म्हणाले सगळे,
निजलेल्या पाहुण्याच्या उशाशी बोलावं तसं.
दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. ओके. गुंडाळा.
त्या रात्री गाव पोटभर जेवलं,
आमच्याशी बोललं नाही.
आम्ही बसलो होतो तिथे
लोक कोपरा झाडावा तसे बघत होते.

नागपूर. पहाटेचे तीन.
सातवा टेक लावून बसलोय.
खासी घेऊन जा. खोकला घेऊन जा.
मग त्याच चालीत
सुहासिनी रमेश गभणे घेऊन जा.
मग लाइटची पोरं, रांगेनं,
एकही बापाचं नाव चुकलेलं नाही.
माझं कुठेच नाही.
परेश मुकुंद दंडवते म्हणून झाल्यावर
सगळे जरा थांबलेत,
आणि त्या थांब्यात, सगळ्याच्या खाली,
माझा तो वारा
हो म्हणतो.

पलीकडच्या खोलीत नळ वाहतोय, केव्हाचा.
परेश कधी नळ उघडा ठेवत नाही.
मी हेडफोन कानांवर दाबून धरतो,
मागे नेतो,
पुन्हा लावतो.