नक्षी : नाही

धारूरच्या किल्ल्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये
मी खापरांना नंबर घालतो.
काळ्या शाईने, सुईएवढ्या निबाने,
आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही असा.

अकरा नंबरच्या खड्ड्यातून
एका ताटलीचे सात तुकडे आले.
रंग : शेवाळी, राखेकडे झुकलेला.
झिलई : जाड. तळाचं कडं कोरडं, तांबूस.
व्यास : अंदाजे नऊ इंच.
नक्षी : नाही.
एवढं लिहून मी वही मिटली
आणि निळ्या फुलांनी गच्च भरलेल्या
वाडग्याच्या काठाकडे वळलो.
त्याला बघायला सगळेच येऊन गेले होते.

गयाबाई हातागळे दाताच्या ब्रशने खापरं धुते.
आजवर किती तळ घासले, तिला विचारू नये.
दुपारी तिने हाक मारली,
"सायेब, हिच्यात कायतरी हाये.
पाणी हाये तवर दिसतंय."

तिने सगळ्यात मोठा तुकडा
उन्हाला तिरपा धरला.
झिलईखाली, मातीतच,
एक रेघ वळत गेली होती.
मग तिच्या शेजारी दुसरी.
कमळाच्या पाकळ्या, पाच.
सहावी अर्धी.
त्यापुढे कोरं.
तुकडा वाळला तशी रेघ शेवाळात परत गेली.

मी म्हणालो, बघा, हात कसा आवरलाय.
एवढं येत असताना एवढंच करायचं म्हणजे...
मी बोलतच राहिलो.
ती ब्रश बादलीत बुडवत ऐकत होती.
तिच्या हनुवटीवर दोन ठिपके गोंदलेले.
"मायनं तीन सांगितले व्हते," ती म्हणाली,
"पर दोनापुरतीच निघाली जवारी."

बालाघाटावरून वारा आला. पत्रा वाजला.

असल्या ताटलीत विष पडलं की ती तडकते,
असं जुने लोक म्हणायचे, मी सांगितलं.
तिने सातही तुकड्यांवर नजर फिरवली.
"मंग घातलंच म्हणायचं कुणीतरी."
हसली, आणि कड्यात अडकलेला
चिखल काढायला लागली.
तिथे झिलई नव्हती.
तिथे अंगठ्याचा ठसा होता,
घडवणाऱ्याचा, किंवा भट्टीत नुसती
उचलून ठेवणाऱ्याचा.

संध्याकाळी वही उघडली.
'नाही' खोडून लिहावं तर
रकाना बोटभर.
वरच्या अंगाला, त्याच निबाने,
जेमतेम मावेल असं लिहिलं :
ओली असताना.